लिंबायतची वही

सुरत म्हटले की आपल्याला काय आठवते? शिवाजी महाराजांची स्वारी, इंग्रजांची वखार आणि लग्नसराईतल्या साड्या. पोर्तुगीज कागदपत्रांत डोके घालणाऱ्या आम्हा गोवेकरांना फार तर दमणच्या पलीकडचे एक श्रीमंत बंदर म्हणून सुरत ठाऊक असते. पण हाताने लिहिलेल्या अक्षरांच्या आणि पुस्तकांच्या इतिहासात सुरतेला काही जागा आहे, हे मराठी लेखनात मला क्वचितच वाचायला मिळाले. माझ्या ते ध्यानात आले तेही एखाद्या ग्रंथालयात नव्हे, तर लिंबायतमध्ये, सातवीतल्या एका मुलीच्या वहीमुळे.

लिंबायत म्हणजे सुरतेच्या रेल्वेमार्गापलीकडची, पूर्वेकडची कामगार वस्ती. यंत्रमागांची खटखट, कापडाचे गठ्ठे वाहणारे टेम्पो, मिठी खाडीचा वास. आणि कानावर पडते ती भाषा मात्र धुळे-नंदुरबार-जळगावकडची. ताप्तीच्या खोऱ्यातून सुरत आणि भुसावळ जोडणारी रेल्वे 1900 साली पुरी झाली आणि खानदेशच्या कोरडवाहू गावांना सुरत ही मुंबई-पुण्यापेक्षा जवळची झाली. त्या गाडीने माणसे आली ती इथेच राहिली. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालवते. माझा मित्र अशाच एका मराठी शाळेत शिकला, आज तो कापड रंगवण्याच्या गिरणीत पाळी करतो, आणि त्याची मुलगीही मराठी शाळेत जाते. घरात आजी अहिराणी बोलते, आई-बाप मराठी-अहिराणी मिसळून, गल्लीत गुजराती आणि हिंदी.

मी गेलो होतो एका लग्नाला. दोन दिवस हाताशी होते. मुलगी जमिनीवर पालथी पडून काहीतरी लिहीत होती. तिच्या बाईंनी सुट्टीत हाताने एक पुस्तक तयार करायला सांगितले होते. विषय तिने स्वतःच निवडला होता: आजीची गाणी. लग्नातली, जात्यावरची, कानबाईच्या सणाची. आजीला लिहिता-वाचता येत नाही. म्हणजे गाणी होती ती फक्त आजीच्या तोंडात.

मी जवळ जाऊन पाहिले तर ती लिहीत नव्हती, गिरवत होती. बापाने सायबर कॅफेतून शीर्षके मोठ्या अक्षरांत छापून आणली होती. खिडकीच्या काचेवर त्या छापील कागदावर कोरा कागद धरून ती प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा काढून घेई आणि मग आतून शाई भरी. तीन दिवसांत चार ओळी झाल्या होत्या.

"असं का करतेस?" मी विचारले.

"काका, छापल्यासारखं दिसायला पाहिजे ना. नाहीतर पुस्तक कसं वाटणार?"

मला हसू आले नाही. कारण तिची समजूत आपल्या सगळ्यांचीच आहे. छापलेले ते खरे पुस्तक आणि हाताने लिहिलेले ते कच्चे, तात्पुरते, छापण्याआधीचे. आपल्या लिपीचा इतिहास मात्र याच्या अगदी उलटा आहे. देवनागरीत हात छापाच्या मागून गेला नाही, छापच शतकानुशतके हाताच्या मागून धापा टाकत आला. आणि या शर्यतीतले पहिले पाऊल आपल्या गोव्यात पडले होते.

1556 साली जुन्या गोव्यात छापखाना उतरला, भारतातला पहिला. हे आपण शाळेत अभिमानाने पाठ करतो. पण त्या यंत्रावर देवनागरी अक्षर उमटले नाही. फादर थॉमस स्टीफन्स, ज्यांनी मराठीची थोरवी मराठीतच गायली, त्यांना ही खंत फार वाटत होती. 1608 सालच्या डिसेंबरात रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की या प्रांताच्या भाषेत आणि याच प्रांताच्या लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली कित्येक वर्षांची इच्छा आहे, पण युरोपात चोवीस अक्षरांत भागते तिथे इथे सहाशेच्या आसपास साचे ओतावे लागतील, ते अशक्यप्राय दिसते. सहाशे! काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे, सगळे धरून. परिणाम आपल्याला माहीत आहे. 1616 साली रायतूरला 'क्रिस्तपुराण' छापले गेले ते रोमन लिपीत. भाषा मराठी, छंद ओवी, अक्षरे परकी. गोव्यातल्या मराठी-कोंकणीच्या लिपीचा जो गुंता आपण आजही सोडवत बसलो आहोत, त्याला धर्म आणि राजकारण ही मोठी कारणे आहेतच. पण शिशाचे सहाशे साचे हेही एक कारण आहे, आणि ते सहसा कुणी सांगत नाही.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. क्रिस्तपुराण 1616, 1649 आणि 1654 असे तीनदा छापले गेले, आणि या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. मग ते आपल्यापर्यंत आले कसे? हाताने उतरवलेल्या प्रतींतून. मंगळुरात जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 साली ग्रंथ प्रसिद्ध केला तो हस्तलिखिते जुळवून. आणि 1920च्या दशकात जस्टिन ॲबट यांनी लंडनच्या मार्सडेन संग्रहातले एक हस्तलिखित उजेडात आणले, ते चक्क देवनागरीत होते. जे छापखान्याला जमले नव्हते ते कुणा अनामिक लेखकूने बोरूने करून ठेवले होते. छापलेले नाहीसे झाले, लिहिलेले उरले.

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले असे नाही. तिला मी एवढेच म्हणालो की छापणाऱ्यांनी आधी हाताची नक्कल केली, तू छापाची नक्कल करतेस, म्हणजे नकलेची नक्कल झाली. ते तिला पटले की नाही कोण जाणे, पण खिडकीवरचा कागद तिने काढला. आणि मग मला आठवले की मी बसलो आहे ते गाव या कथेतले दुसरे पाऊल आहे.

स्टीफन्सच्या पत्रानंतर साठ-पासष्ट वर्षांनी सुरतेच्या एका गुजराती व्यापाऱ्याने तोच हट्ट धरला. भीमजी पारेख, ईस्ट इंडिया कंपनीचा दलाल. 1669 साली औरंगजेबाच्या अमलात सुरतेच्या काझीच्या जाचाला कंटाळून हजारो वाणी शहर सोडून भडोचला निघून गेले होते, त्या प्रकरणात पुढारीपण करणारा हा माणूस. त्याने कंपनीकडे मागणी केली की इंग्लंडहून एक मुद्रक पाठवा, मला आमचे जुने ब्राह्मणी ग्रंथ छापायचे आहेत. कंपनीने 1674 साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक, यंत्र, रोमन खिळे आणि कागद धाडून दिले. मुद्रक आला, पण त्याला छापता येत होते, खिळे पाडता येत नव्हते. इथली अक्षरे कोरणार कोण? भीमजी स्वस्थ बसला नाही. त्याने स्वतःची माणसे कामाला लावली, 'वाणी' लिपीत काही कागद छापूनही दाखवले आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी ते सुवाच्य असल्याचे विलायतेला कळवले. तरी पुस्तक म्हणून दाखवावे असे त्यातून काही हाती लागलेले नाही. मला या भीमजीविषयी फार आपुलकी वाटते. पैसा होता, वजन होते, चिकाटी होती. अडले ते अक्षरांच्या वळणांवर.

ही हकीकत मला समजली ती अ. का. प्रियोळकरांमुळे. प्रियोळच्या या आपल्या माणसाने 1958 साली 'द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया' हा ग्रंथ लिहिला. गोव्याच्या छापखान्यापासून ते भीमजी, मिरज, मुंबई असा सारा माग त्यात आहे. 1951च्या कारवारच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, पण या ग्रंथासाठी ते जास्त घेतले जायला हवे.

मिरजेची गोष्ट थोडक्यात. पुण्याच्या इंग्रज वकिलातीत मॅलेटच्या सांगण्यावरून एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरायची विद्या आत्मसात केली होती. नाना फडणविसांनी त्याच्याकडून गीता छापून घेण्याचा बेत केला, नाना 1800 साली वारले, तो कारागीर मिरजेला गेला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने 1805 साली गीता छापून झाली. सुटे खिळे नाहीत. सगळे पान हाताने कोरायचे, मग उमटवायचे. म्हणजे पुन्हा हस्ताक्षरच, फक्त तांब्यावरचे.

खरी वाट निघाली ती शिळाछापाने. जर्मनीत सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेली ही युक्ती इतकी साधी आहे की आपल्याकडे ती कुणाला आधी सुचली नाही याचे आश्चर्य वाटावे. गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यायचा. त्यावर चरबीयुक्त शाईने लिहायचे, किंवा खास लेप दिलेल्या कागदावर नेहमीसारखे सरळ लिहून ते अक्षर दगडावर उलटे उतरवून घ्यायचे. मग दगड पाण्याने ओला करायचा. तेल आणि पाण्याचे वैर जगजाहीर आहे. कोऱ्या जागेला पाणी धरते, अक्षराला धरत नाही. वरून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरावर बसते. कागद ठेवा, दाबा, उचला. जितक्या प्रती हव्यात तितक्या. सहाशे साचे नकोत, ओतारी नको, खिळे जुळवणारा नको. हवा फक्त चांगल्या अक्षराचा लेखक.

आणि चांगल्या अक्षराच्या लेखकांची आपल्याकडे कमी कधीच नव्हती. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पाहून पाहून ही विद्या उचलली, शाई स्वतः बनवली आणि 1831 साली मराठी पंचांग शिळाछापावर काढले. जुन्या घरांत माळ्यावरच्या पेटाऱ्यात त्या काळच्या पोथ्या अजून सापडतात. सुटी लांबट पाने, दोन्ही बाजूंना समासाच्या रेघा, मधे भरगच्च ओळी. पाहणाऱ्याला वाटावे हस्तलिखित, आणि ते हस्तलिखितच असते! कुणीतरी बैठक मारून पानन् पान लिहिलेले, फक्त एकाच्या जागी पाचशे झालेले. माझ्या आजोळच्या देवघरात अशीच एक पोथी होती. तिच्या एका पानावर लेखकाच्या हातून एक ओळ गळलेली, ती त्याने समासात बारीक अक्षरांत लिहून काकपदाची खूण केलेली. ती चूकसुद्धा प्रत्येक प्रतीत छापली गेली असणार. लहानपणी मला वाटायचे की आमच्याच पोथीत ती आहे.

आता पुन्हा सुरत. 1842 साली सुरतेत दुर्गाराम मेहताजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तक प्रसारासाठी मंडळी काढली आणि शिळाछाप आणला. दुर्गाराम हे शाळामास्तर. विधवाविवाह, जातिभेद, भुताखेतांची भीती यांवर जाहीर बोलणारे. त्यांना गुजराती शाळांसाठी पुस्तके हवी होती आणि ती लवकर, स्वस्त हवी होती. भीमजीला पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे पैशाने साधले नाही ते या मास्तरांनी दगडाने साधले. त्याच सुमारास सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवायला कोण होते? दादोबा पांडुरंग तर्खडकर. 1836 साली मराठीचे व्याकरण लिहून मराठीचे पाणिनी ठरलेले दादोबा. 22 जून 1844 रोजी सुरतेत 'मानव धर्म सभा' स्थापन झाली ती दुर्गाराम आणि दादोबा यांच्या मैत्रीतून. दादोबांनी पुढे मुंबईत परमहंस सभेत घातलेले बीज हे सुरतेतले. एक मराठी व्याकरणकार आणि एक गुजराती पंतोजी सुरतेच्या गल्लीत बसून माणसाचा धर्म एक, असे बोलत होते. दादोबांचे आत्मचरित्र संपादून आपल्यापुढे ठेवले तेही प्रियोळकरांनीच. हा एक माणूस आपल्या किती वाटांवर दिवा घेऊन उभा आहे!

सुरतेची आणखी दोन माणसे या वहीच्या गोष्टीत यायला हवीत. एक फर्दुनजी मर्झबान. जन्म सुरतेचा, मुंबईत जाऊन आधी पुस्तकबांधणीचा धंदा केला, मग 1812 साली छापखाना काढला आणि 1822 साली 'मुंबई समाचार' सुरू केले, जे आजही निघते. आधी दाभण-दोरा, मग खिळे. दुसरा कवी नर्मद. त्याला छंदशास्त्रावरचा एक ग्रंथ हवा होता, तो मिळाला सुरतेतल्या एका कडियाकडे, म्हणजे गवंड्याकडे. गवंडी ग्रंथ द्यायला तयार नव्हता, पण घरी येऊन उतरवून घ्या म्हणाला. नर्मदाने त्याच्या घरी जाऊन बसून सारा ग्रंथ लिहून काढला. मला या कथेत नर्मदाइतकाच तो गवंडी आवडतो. दिवसभर चुना-विटांत हात घालणाऱ्या माणसाच्या घरात पिंगळाचे हस्तलिखित, आणि त्याची किंमत त्याला पुरती ठाऊक.

तर अशा गावात ती मुलगी पालथी पडून लिहीत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो.

पहिली अडचण लेखणीची. बापाने हौसेने सुलेखनाच्या पेनांचा संच आणला होता. तिने 'ग' काढला तर जिथे जाड हवे तिथे बारीक आणि जिथे बारीक हवे तिथे जाड. ते पेन रोमन लिपीसाठी कापलेले. देवनागरीच्या बोरूचा काप त्याच्या उलट बाजूला तिरका असतो. विकत घेतलेल्या बहुतेक संचांत हीच गफलत असते आणि मुलांना वाटते की आपलाच हात वाईट. मग गच्चीवर पडलेल्या बांबूच्या कामटीचा एक तुकडा घेतला, ब्लेडने तासला, टोकाला उलटा तिरपा काप दिला, मधोमध बारीक चीर पाडली. पहिले दोन फुकट गेले. तिसऱ्याने 'ग' आला. शाई आम्ही बाटलीतलीच वापरली. जुने लेखक काजळी आणि डिंक खलून शाई करत, लालसाठी हिंगूळ घेत, आणि चूक झाली की पिवळी हरताळ लावून अक्षर झाकत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथला. मुलीला हे फार आवडले, कारण तिने तो शब्द गुजरात्यांच्या तोंडून बंद-हरताळ म्हणून ऐकलेला होता आणि दोन्हींचा संबंध लावत ती बराच वेळ बसली. (संबंध नाही. संपाचा हडताळ हा हट्टाला, म्हणजे दुकानाला, ताळे लावण्यातला.)

कागद मात्र सुरतेने दिला. चार्ट पेपर जाड, घडीवर तडकतो. मित्राने बाजारातून व्यापाऱ्यांच्या चोपड्यांचा कागद आणला. दिवाळीत पूजेला ठेवतात त्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या, मधोमध पांढऱ्या दोऱ्याने शिवलेल्या वह्या. त्यांच्या पानांवर छापील रेघा नसतात, कागदाला घड्या घालून त्या सळांचेच रकाने करतात. संगणक आले तरी पूजेपुरती का होईना ही हाताची वही सुरतेत उरली आहे. आम्हीही रेघा आखल्या नाहीत. जैन लेखक फळीवर दोरे ताणून त्यावर कागद दाबून ओळी उठवत. ती फळी आमच्याकडे कुठली, पण घडीची सळ होती. अक्षर त्या सळीला लोंबकळत ठेवायचे.

लोंबकळत, हा शब्द मी मुद्दाम वापरतो. गल्लीतल्या पाट्या वाचून मुलीचा हात अर्धा गुजराती झाला होता. गुजरातीला शिरोरेषा नाही, अक्षरे जमिनीवर उभी राहिल्यासारखी बसतात. ती आधी सगळी अक्षरे तशीच उभी करी आणि शेवटी वरून एक रेघ मारी, छपरासारखी. बाळबोध अक्षर असे नसते, ते रेघेपासून खाली सुटते, दोरीवरच्या कपड्यासारखे. हे एकदा समजल्यावर तिच्या ओळी सरळ यायला लागल्या. पुढे 'ल' आणि 'श'. शाळेच्या पुस्तकात मराठी वळणाचा पाकळीचा 'ल', बाहेरच्या पाट्यांवर आणि बापाने छापून आणलेल्या कागदांवर हिंदी वळणाचा. महाराष्ट्र शासनाने 2009 साली मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ठरवून दिला, पण शासनाचा आदेश लिंबायतच्या पाट्यांपर्यंत थोडाच पोचतो? मी तिला दोन्ही काढून दाखवले. तिने पाकळीचा घेतला. "हा आमचा," म्हणाली.

सर्वांत जास्त वेळ गेला तो एका अर्ध्या 'र'वर. आजीच्या गाण्यात 'ऱ्हास', 'ऱ्हायनी' असे शब्द पावलोपावली. हा चंद्रकोरीसारखा अर्धा र मराठीची खास चीज. हिंदीत त्याची गरज पडत नाही, गुजरातीत तो नाही. टंक करताना अनेकांची आजही तारांबळ उडते. बोरूने मात्र एक झटका, आणि झाले. र. कृ. जोशी यांनी आपल्या संगणकांवरचा 'मंगल' हा टंक घडवला तेव्हा त्यांच्यामागे आधी हातात बोरू धरल्याची कित्येक वर्षे होती. कमल शेडगे यांनी नाटकांची नावे शेकड्यांनी रेखाटली ती हातानेच. अच्युत पालवांनी मोडीच्या वळणांतून नवे अक्षर काढले. मुलीने गिरवलेल्या छापील अक्षराच्या मुळाशीही शेवटी एक हातच होता.

लिहिता लिहिता एक खरा पेच आला. एका गाण्यात आजीने गाताना एक शब्द एका दिवशी एक म्हटला, दुसऱ्या दिवशी दुसरा. मुलीने बाईंना विचारून 'बरोबर' मराठी शब्द घालायचे ठरवले होते. किंबहुना तीन गाणी तिने आधीच अहिराणीतून शुद्ध मराठीत करून टाकली होती, कारण अहिराणी 'पुस्तकात चालत नाही' असे तिला कुणी शाळेबाहेर सांगितले होते. इथे मी जरा आवाज चढवला, हे कबूल करतो. कारण हे वाक्य आम्ही गोव्यात किती पिढ्या ऐकले! तुमची बोली ही भाषा नव्हे, ती लिहिण्याजोगी नव्हे, लिहायचीच तर अमुक लिपीत. 1684 साली पोर्तुगीज विजरईने फर्मान काढून तीन वर्षांत देशी भाषा सोडा म्हटले होते. लिंबायतला फर्मानाची गरज नव्हती, मुलीने स्वतःच ती गाणी पुसली होती.

मी तिला बहिणाबाईंची गोष्ट सांगितली. तिच्याच आजीच्या मुलखातल्या, जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर गाणी रचायच्या. ती मुलगा सोपानदेव आणि मावसबंधू पितांबर यांनी वेळोवेळी वहीत टिपून ठेवली. त्या 1951 साली वारल्या, ती वही आचार्य अत्र्यांपुढे गेली आणि 1952 साली पुस्तक निघाले. टिपणाऱ्यांनी त्या बोलीची पुण्याची मराठी करून टाकली असती तर? किंवा वहीच लिहिली नसती तर? मुलगी काही बोलली नाही. संध्याकाळी ती तीन पाने फाडलेली दिसली आणि आजी पलंगावर बसून पुन्हा तीच गाणी सांगत होती, या खेपेस तिच्या शब्दांत. दोन वेगळे म्हटलेले शब्द मुलीने दोन्ही ठेवले, एक ओळीत, एक समासात काकपद करून. माझ्या आजोळच्या पोथीबद्दल मी तिला काही सांगितलेले नव्हते, ही खूण बाईंनीच शिकवली होती.

बांधणीला रात्र लागली. चार-चार कागद एकात एक घालून जुजे केली, दाभणाने मधल्या घडीवर पाच भोके, आणि गिरणीतल्या बॉबिनचा दोरा मेण लावून. कणकेची खळ शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद टाकले, कसर लागू नये म्हणून. हे बुकबाइंडर लोकांचे जुने शास्त्र. (मोरचूद विष आहे, ते मोठ्या माणसानेच हाताळावे आणि भांडे पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये. आम्ही रंगाचा डबा घेतला.) पुठ्ठा साडीच्या घडीत घालतात तो, लिंबायतमध्ये ढिगाने मिळणारा. वरून लाल कापड, चोपड्यासारखे. एक जुज उलटे शिवले गेले ते सकाळी उजेडात कळले, आणि पुन्हा उसवून शिवायला वेळ नव्हता. म्हणून त्या पुस्तकात हळदीच्या गाण्याआधी वरात येते.

सकाळी मुलीने आजीला पुस्तक वाचून दाखवले. आजी आपल्याच ओळी ऐकत होती, मधेच अडवून दुरुस्ती करत होती. मग तिने ते हातात घेतले, उलटे, आणि पहिल्या पानावरून बोट फिरवले.

"हाई मनं शे?" तिने विचारले.

माझी गाडी दुपारची होती. निघण्याआधी मुलगी शेवटचे पान लिहीत होती. जुने लेखक शेवटी स्थळ, तिथी, नाव घालत, आपली पाठ-मान मोडल्याची तक्रार करत आणि तेल, पाणी व मूर्खाच्या हातापासून पोथी राखा असे बजावत, हे मी तिला सांगितले होते. तिने वरती आजीचे नाव मोठे घातले, खाली आपले लहान. मग 'लिंबायत, सुरत' आणि तारीख. तेला-पाण्याचे तिने घेतले नाही. त्याऐवजी लिहिले की वरात आधी आली आहे ती चूक शिवणाऱ्या काकांची आहे, गाणाऱ्या आजीची नाही.